तिसऱ्या रांगेतला पिवळा शर्ट

सिव्हिल लाइन्समधल्या गेम पार्लरमध्ये ते गृहस्थ रोज संध्याकाळी दिसायचे. पन्नाशीचे असावेत, नाव मी कधी विचारलं नाही. खेळण्याआधी कंट्रोलर रुमालाने पुसायचे आणि गोल झाला की आनंद करायचा सोडून खेळ थांबवून पडद्यावरच्या स्टेडियममधल्या प्रेक्षकांकडे बघत बसायचे.

ते खेळायचे तो फुटबॉलचा गेम एक बडी कंपनी दरवर्षी पुढचं साल चिकटवून नवा म्हणून विकते. आम्ही तिला शिव्या घालतो आणि रांग लावून विकतही घेतो. कंपनीला लाज नाही, आम्हाला तर नाहीच.

नवा गेम पार्लरमध्ये आला त्या संध्याकाळी पहिल्याच गोलनंतर त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "देखिए भैया, तीसरी लाइन, पीली शर्ट. चार साल से यही बैठे हैं. लुटेरों ने इनकी शर्ट तक नहीं बदली!"

मला राहवलं नाही. "तो फिर आप क्यों हर साल आकर बैठ जाते हैं?"

"बैठते तो हम भी हैं," पिवळ्या शर्टावरची नजर न काढता ते म्हणाले, "पर इन्होंने टिकट एक ही बार लिया है."

मी मोठ्याने हसलो. मग कालच घेतलेला तोच गेम पिशवीत आणखी खाली सरकवला.