फिएस्ताच्या राणीची गोष्ट मी वाचली तेव्हा

शारजाहून दुबईला जाणाऱ्या कारलिफ्टमध्ये, म्हणजे रोजच्या ठरलेल्या शेअर गाडीत, खिडकीशी ती आणि तिच्या शेजारी मी, अशी आम्ही तीन वर्षं काढली. दोघी एकाच डेंटल क्लिनिकमध्ये कामाला. ती रिसेप्शनला, मी इन्शुरन्सच्या क्लेम्सवर. ती फिलिपिन्समधल्या एका लहानशा बेटावरची, मी वसईची. पहिल्याच आठवड्यात ती मला 'आते' म्हणायला लागली. मी चकितच झाले. माझी भाची मला आते म्हणते, पण हिला ते कुणी शिकवलं? मग कळलं, त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला आते म्हणतात. मला चाललं.

गाडीत बसली की ती दोन्ही अंगठ्यांनी फोनवर टाइप करत राही. मला वाटायचं, बॉयफ्रेंडशी चॅट चाललंय. एका सकाळी ट्रॅफिक अर्धा तास जागचा हलला नाही, तेव्हा ती लाजत म्हणाली, "आते, मी गोष्टी लिहिते. एक वाचून दाखवू?"

गल्फमध्ये राहून लिहिलेली गोष्ट म्हणजे रडारड असणार, असं मी मनात धरलं होतं. निघाली भलतीच. एक आया अरबी घरातल्या लहान मुलाला भाज्यांची नावं मुद्दाम चुकीची शिकवते आणि शेवटी सगळं घर वांग्याला तिच्या सासूच्या नावाने ओळखायला लागतं, अशी ती गोष्ट होती. मी इतकी हसले की पुढे बसलेले गृहस्थ कानातले इअरफोन काढून मागे वळले. त्यांनाही पहिल्यापासून ऐकायची होती.

त्यानंतर रोज सकाळी एक पान. बहुतेक इंग्रजीत, आणि अधूनमधून त्यांच्या भाषेतले शब्द. तिच्यासारखे लिहिणारे इथे बरेच आहेत, हे मला तिच्याकडूनच कळलं. कुणी नर्स, कुणी वेटर, कुणी ड्राफ्ट्समन. कामं उरकून फोनवर लिहायचं, आणि महिन्यातल्या एका शनिवारी जमून एकमेकांना वाचून दाखवायचं.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट फिएस्ताच्या राणीची. फिएस्ता म्हणजे गावातल्या चर्चच्या संताचा सण. आमच्या वसईतही बँड लावून असाच सण होतो, त्यामुळे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. गोष्टीतली मुलगी दुबईत रिसेप्शनिस्ट असते. गावाने तिला सणाची राणी निवडलेलं असतं, पण सुट्टी मिळत नाही. मग गाववाले तिचा पुठ्ठ्याचा पुरुषभर उंच कटआउट करून, मुकुट घालून, सजवलेल्या ट्रकवर उभा करतात. मिरवणुकीत पाऊस येतो. पुठ्ठा वाकायला लागतो. तेव्हा तिची आई ट्रकवर चढते आणि पुठ्ठ्याच्या लेकीवर छत्री धरून उभी राहते. हे सगळं ती मुलगी एक्स-रेच्या खोलीत लपून फोनवर बघत असते.

पहिल्या खर्ड्यात ती मुलगी शेवटी ढसाढसा रडायची. मी म्हटलं, "तिला रडवू नकोस गं. बाहेर पेशंट बसलेत."

"पण आते, तिची आई भिजतेय!"

"भिजतेय म्हणूनच. राणी आहे ना ती? मग राणीसारखी बाहेर येऊ दे."

यावर आमचं क्लिनिक येईपर्यंत भांडण चाललं. शेवटी ड्रायव्हर ओरडला, "यल्ला मॅडम, उतरो! बाकी झगडा शाम को." दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिने नवा शेवट वाचला. मुलगी मान ताठ करून एक्स-रेच्या खोलीतून बाहेर येते, काउंटरमागे उभी राहते आणि म्हणते, "नेक्स्ट पेशंट, प्लीज." मी तिचा हात दाबला.

ही गोष्ट वाचायची पाळी आली त्या शनिवारी सकाळी तिचा आवाज पार बसला. घशातून नुसती हवा. तिने मेसेज केला, "आते, तू वाच."

"येडी झालीस का?" मी लिहिलं.

"तुला माझ्याइतकीच पाठ आहे."

मी तयार होत होते तेव्हा माझी लेक एवढंच म्हणाली, "मम्मा, प्लीज डोन्ट डू एनी अ‍ॅक्सेंट."

दुबईच्या सतवा भागातल्या एका फिलिपिनो रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यावर चाळीसेक माणसं होती. त्यांच्यात मी एकटी वसईची. हातात माइक आणि प्रिंटआउट. तोवर मी तिची गोष्ट फक्त कानांनी ऐकली होती, कागदावर कधी पाहिलीच नव्हती. तिसऱ्याच ओळीत रोमन लिपीतला एक शब्द आला, ए-टी-ई. इंग्रजीत त्याचा अर्थ 'खाल्लं'. मी खणखणीत आवाजात वाचलं, "एट ओपन्ड द विंडो."

खाल्लंने खिडकी उघडली! हॉलमध्ये हशा फुटला. पहिल्या रांगेत माझी मैत्रीण, आवाज नसलेली, पोट धरून हसत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "आ-ते!"

मला दरदरून घाम फुटला. पण मग मलाच हसू आलं. मी माइकमध्ये म्हटलं, "सॉरी. ही मुलगी रोज मला याच नावाने हाक मारते, पण कागदावर आमची आज पहिल्यांदाच भेट झाली."

त्यानंतर सगळं सोपं झालं. त्यांच्या भाषेतला शब्द आला की मी थांबायचे आणि अख्खा हॉल मला उच्चार सांगायचा. चर्चमध्ये लितानीच्या प्रार्थनेला सगळे एकसुरात उत्तर देतात ना, अगदी तसं. छत्रीपाशी आले तेव्हा मात्र कुणी हललं नाही. मीही अडखळले. मागच्या सणाला माझ्या मम्मीने फोन बँडपुढे धरला होता, तो आवाज कानात आला. मग पुढे वाचलं. "नेक्स्ट पेशंट, प्लीज" म्हटल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी तिला ओढून पुढे आणलं, कारण टाळ्या तिच्या होत्या.

नंतर खाणं झालं. मी नूडल्सची प्लेट घेऊन उभी असताना एका वयस्कर काकांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"वसई," मी तोंडात घास असताना म्हटलं.

"विसायस?" त्यांचा चेहरा उजळला. विसायस हा त्यांच्याकडचा बेटांचा समूह, ते मला मागाहून कळलं. "अहो, मीपण तिथलाच!" त्यांनी माझ्या प्लेटमध्ये आणखी नूडल्स वाढल्या. गैरसमज दूर करायला माझं तोंड रिकामं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मम्मीला फोनवर आमच्या बोलीत राणीची सगळी गोष्ट सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "आनि त्या पोरीला पुढच्या वर्षी तरी सुट्टी मिळाली का?"

सोमवारी गाडीत मी हा प्रश्न लेखिकेपुढे ठेवला. तिचा आवाज जेमतेम परतला होता. तिने फोनवरचं टाइप करणं थांबवलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मिळाली म्हणून सांग."

मी लगेच मम्मीला कळवलं.

"मग बरं झालं," मम्मी म्हणाली आणि मासे साफ करायला गेली.