फिरायला जायची परवानगी

आधीच सांगते, असले अनुभव मी वाचते ते चहा पिता पिता, करमणूक म्हणून. त्यातल्या एकावरही माझा कधी विश्वास बसला नाही. आमच्या घरात देव आहेत, संध्याकाळी दिवा लागतो, पण भुतंखेतं, आत्मे, संकेत असलं कुणी बोलत नसे. बाबांसमोर तर नाहीच. असा विषय निघाला की ते चपला घालून फिरायला निघून जायचे. म्हणूनच इतकी वर्षं मी हे कुठे लिहिलं नाही. आता लिहितेय तेही कुणाला पटवायला नाही… पटवण्यासारखं माझ्याकडे काही नाहीच.

आम्ही भोपाळचे. राजधानी भोपाळला हलली तेव्हा आजोबा नागपूरहून सरकारी ऑफिसांबरोबर इकडे आले, बाबांची नोकरी इथेच झाली, माझीही इथेच चालू आहे. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी, माझा नवरा अनिल आणि बाबा असे तिघं राहायचो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली होती, पण सकाळचं फिरणं त्यांनी कधी चुकवलं नाही. हात पाठीमागे बांधायचे, मान जरा पुढे, आणि घरापासून टी. टी. नगरच्या बाजारापर्यंत जाऊन परत. वाटेत कुणी भेटलं तरी थांबायचे नाहीत, नुसती मान हलवायचे. परत आले की दारातूनच "वैशू, चहा" म्हणायचे.

लॉकडाऊनच्या आधी काही दिवस ते नागपूरला गेले, माझ्या मोठ्या भावाकडे. दादाच्या मुलाची मुंज होती. मुंज पुढे ढकलली, गाड्या बंद झाल्या, आणि बाबा तिकडेच अडकले.

त्या काळात माझी ड्यूटी फोनवर लागली होती. नवीन ऑर्डर निघाली की लोकांना ती कळायची नाही (खरं सांगायचं तर आम्हालाही कळायची नाही), म्हणून चौकशीसाठी एक नंबर दिला होता. तो दिवसभर वाजायचा. कुत्र्याला बाहेर न्यायचं तर पास लागतो का? सायकल चालवणं हा प्रवास की व्यायाम? गोविंदपुऱ्यातली फॅक्टरी सुरू झालीय, पण कामावर जायच्या रस्त्यावर बॅरिकेड आहे, मग जायचं कसं? ऑर्डरचा कागद समोर ठेवून मी उत्तरं द्यायचे. कालचं उत्तर आज चुकीचं ठरायचं. एक ओळ दोन अधिकारी दोन तऱ्हेनं वाचायचे, आणि पलीकडचा माणूस म्हणायचा, "मॅडम, आप बस हाँ या ना बोल दो."

संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. त्यांचा प्रश्न एकच.

"आपल्याकडे काय म्हणतायत? फिरायला सोडतायत का?"

"बाबा, तुम्ही नागपुरात आहात. इथले नियम तुम्हाला लागू नाहीत."

"ते मला माहितीये. तरी सांग."

मग मी त्यांना भोपाळची ऑर्डर वाचून दाखवायचे. तिकडे दादाच्या फ्लॅटच्या गॅलरीत ते चार पावलं जायचे, चार पावलं यायचे, आणि इथल्या रस्त्यांची खबर ऐकायचे. एकदा मी वाचलं की पासष्टच्या वरच्यांनी घरातच राहायचं, अगदी गरज असेल किंवा आरोग्याचं कारण असेल तरच बाहेर.

"मग झालं की," बाबा म्हणाले. "मी फिरतो ते आरोग्यासाठीच ना?"

"आरोग्याचं कारण म्हणजे दवाखाना, असं साहेब म्हणतात."

"तुझ्या साहेबांना म्हणावं, जो फिरतो त्याला दवाखाना लागत नाही."

आम्ही दोघंही हसलो. बाबांशी झालेलं माझं ते शेवटचं धड बोलणं.

दोन-तीन दिवसांनी दादाचा फोन आला. बाबांना पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलमध्ये जागा नव्हती, आणि ओळखीचे डॉक्टर म्हणाले की या वयात, या दिवसांत घरीच ठेवा. मी त्याच दिवशी पाससाठी ऑनलाइन अर्ज केला. कारणाच्या रकान्यात वैद्यकीय असं निवडलं. उत्तर आलं की कारण स्पष्ट नाही, रुग्ण अर्जदार स्वतः आहे का ते कळवा. हाच प्रश्न मला फोनवर कितीतरी लोकांनी विचारला होता — आई आजारी आहे, वडील आजारी आहेत, ते वैद्यकीय कारणात बसतं का? आणि मी सगळ्यांना सांगत आले होते, अर्ज करा, बघतील. मीही पुन्हा अर्ज केला आणि वाट पाहत बसले.

त्यातच एका दुपारी नवी ऑर्डर आली. मोठ्या बागा बंदच, पण सकाळच्या वेळी रस्त्यावर एकट्यानं चालायला मोकळीक. आमच्या ऑफिसात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मी मात्र लगेच दादाला फोन लावला.

"दादा, बाबांच्या कानाला लाव जरा."

"अगं, ते बोलत नाहीत."

"माहितीये. तू लाव."

त्यानं लावला. मी नेहमीसारखी अख्खी ऑर्डर वाचली, जावक क्रमांकापासून. मग म्हटलं, "बाबा, उद्यापासून आपल्याकडे फिरायला परवानगी आहे." पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळानं दादा म्हणाला, "डावा हात हलवतायत. ऐकलं बहुतेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी होते, पोळ्यांची कणीक भिजवत होते. बाहेर चांगलं उजाडलं होतं. फोन वाजला. नंबर अनोळखी.

"मॅडम, चौराहे से बोल रहा हूँ, बॅरिकेड पे ड्यूटी है. यहाँ एक बुजुर्ग हैं, कह रहे हैं आपके पिताजी हैं."

आमच्या क्वार्टरकडून बाजाराकडे जाताना जो चौक लागतो, तिथलाच पोलीस होता. मी म्हटलं, "गलत नंबर लगा है, भैया. मेरे पिताजी नागपूर में हैं. बिस्तर पे हैं."

"नंबर तो इन्होंने ही बताया, मुँहजबानी."

माझा कणकेचा हात तसाच राहिला. "कैसे दिखते हैं?"

"दुबले से हैं, लंबे. हाथ पीछे बाँधे खड़े हैं. मैंने कहा, दादाजी, पैंसठ के ऊपर वालों को मना है, तो मुझसे बहस कर रहे हैं. कहते हैं, सेहत के लिए ही तो चल रहा हूँ. बोले, मेरी बेटी से पूछ लो, वो बताएगी नियम क्या है."

मी म्हटलं, "उनको फोन दीजिए."

फोन या हातातून त्या हातात गेल्याची खरखर झाली. मग आवाज आला.

"वैशू, यांना सांग गं जरा. मला पुढे जायचंय."

बाबांचाच आवाज होता. तुम्ही म्हणाल, भास झाला असेल. पण जन्मभर ऐकलेला आवाज तो… घाई असली की ते असंच बोलत, थोडे वैतागून, आणि 'जरा' वर जोर देऊन.

"बाबा?"

"हां. सांग ना."

विचारण्यासारखं किती होतं. तुम्ही इथे कसे, दादा कुठे आहे, उभे कसे राहिलात… यातलं काही विचारणार, तेवढ्यात फोन परत पोलिसाच्या हातात गेला होता.

"तो क्या करना है, मॅडम?"

रोज दिवसभर लोक मला हेच विचारत असत. मी म्हटलं, "जाने दीजिए उनको. परमिशन है."

"ठीक है," तो म्हणाला. मग लांब कुणाला तरी म्हणाल्यासारखं ऐकू आलं, "जाइए दादाजी, आराम से जाइए."

मी अनिलला हाक मारली, आणि तशाच कणकेच्या हातानं खाली उतरले. आम्ही दोघं जवळजवळ पळतच चौकात पोचलो. रघुवंशी नावाचा हवालदार होता, चाळिशीचा, तोंडाला रुमाल बांधलेला. त्यानं बाजाराच्या दिशेनं हात केला.

"अभी तो गए. इधर सीधे."

तो रस्ता सरळ आहे. एरवी गाड्या आणि हातठेल्यांमुळे पुढचं दिसत नाही, पण त्या दिवसांत तो टोकापर्यंत मोकळा होता. दुकानांची शटर्स खाली, दुतर्फा झाडं, मध्ये एक गाय बसलेली. माणूस एकही नव्हता. रघुवंशीही पुढे दोन पावलं येऊन बघायला लागला. "इतनी जल्दी कैसे…" असं काहीसं म्हणाला.

आम्ही तिथेच उभे असताना दादाचा फोन आला.

"वैशू… बाबा गेले गं."

"कधी?"

"आत्ता. मी चहा ठेवायला आत गेलो होतो. येऊन बघतो तर…" फोन अनिलनं घेतला. मी फुटपाथवर बसले. रघुवंशीनं त्याची खुर्ची आणून दिली, काय झालं ते त्यानं विचारलं नाही.

पास त्याच दिवशी मिळाला. आजारपणासाठी इतके दिवस अडलेला पास, मृत्यू लिहिल्यावर दुपारच्या आत मंजूर झाला. आम्ही गाडी काढली. राज्याच्या सीमेवर कागद तपासण्यात वेळ गेला, आणि पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. अंत्यसंस्कारासाठी आमची वाट बघत दादाला थांबू देत नव्हते. खोलीत बाबांची कॉट होती, उशाशी तांब्या होता, आणि नव्या स्लिपर्सची एक जोडी, मुंजीसाठी घेतलेली, एकदाही न घातलेली.

परत आल्यावर काही आठवड्यांनी चौकात रघुवंशी पुन्हा भेटला. त्यानं मला ओळखलं.

"पिताजी कैसे हैं? फिर दिखे नहीं इस तरफ."

मला खरं सांगवेना. तो बिचारा रोज त्याच जागी उन्हात उभा असायचा, त्याच्या डोक्यात हे कशाला घालायचं? मी म्हटलं, "ठीक हैं. पहुँच गए." तो म्हणाला, "अच्छा हुआ. बड़े भले आदमी हैं."

अनिलनं खूप डोकं चालवलं. दुसरे कुणी म्हातारे गृहस्थ असतील, नंबर योगायोगानं तुझा लागला असेल, बाकीचं तुझ्या मनानं भरलं असेल. पण माझ्या मोबाइलमध्ये त्या सकाळचा कॉल होता, आणि नंबर रघुवंशीचाच होता. अनोळखी म्हातारा मला वैशू म्हणणार नाही. आरोग्याच्या कारणाचा तो वाद तर बाबांच्या आणि माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. शेवटी अनिलनंही तो विषय सोडून दिला. मला आजही याचा उलगडा झालेला नाही, आणि होईल असं वाटत नाही.

दादाला मी हे वर्षभर सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत सेवा त्यानं केली आणि बाबा बोलले माझ्याशी, हे त्याला कसं सांगायचं, असं वाटायचं. वर्षश्राद्धाला नागपूरला गेले तेव्हा सांगितलं. जेवणं झाल्यावर आम्ही दोघंच गॅलरीत बसलो होतो. त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच विचारलं, "बोलले? नीट बोलले?"

"हो. स्पष्ट."

"शेवटी त्यांना पाणीसुद्धा मागता येत नव्हतं गं," दादा म्हणाला. "ओठ हलवायचे आणि माझ्याकडे बघायचे. मला कळायचंच नाही काय हवंय ते." त्यानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. "काय म्हणाले, परत सांग."

मी सांगितलं.

"असंच म्हणाले? वैतागून?"

"वैतागून."

त्याला रडू आलं, आणि थोडं हसूही. मग त्यानं मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.