उतारा नसलेलं औषध

रेखा गेल्याचं कळलं तेव्हा मी हार्ट-लंग मशीनच्या नळ्या जोडत होते. भूल देणारे डॉक्टर दारातूनच म्हणाले, "पैठणहून फोन होता. सकाळी गेली." आजार वर्षभराचा, कल्पना सगळ्यांनाच होती... तरी हात थांबला. आणि लिहायला लाज वाटते, पण पहिला विचार आला तो हा, की आता अवघड केस आली तर सर्जन सर मलाच बोलावतील.

बायपासच्या वेळी हृदय थांबवतात, तेव्हा शरीरात रक्त फिरवायचं काम हे मशीन करतं, आणि मशीन रेखा आणि मी चालवायचो. एकाच वर्षी नोकरीला लागलो होतो. मी शहरातल्या गुलमंडी बाजारातल्या कापडदुकानदाराची मुलगी, वर्गात कायम पहिली. ती पैठणजवळच्या शेतकऱ्याच्या घरातली, रोज एसटीनं यायची आणि "लई भूक लागली गं" म्हणत माझ्याआधी डबा उघडायची. पण केस अडली की सर्जन सर विचारायचे, "रेखा कुठंय?" मी शेजारीच उभी असायची.

एकदा मात्र केस माझी होती. खुलताबादचे निवृत्त मास्तर, आठवडाभर हेपरिनवर होते. हेपरिन म्हणजे रक्त पातळ ठेवणारं आमचं रोजचं औषध. त्याशिवाय मशीनमध्ये रक्त गोठतं. मास्तरांना भूल द्यायची तेवढी बाकी होती. रेखा सहज आत आली, तिनं फाइल चाळली.

"सर, थांबा जरा. ह्यांच्या प्लेटलेट निम्म्यावर आल्यात. हेपरिनच बाधत असंल तर?"

"केस माझी आहे," मी म्हणाले.

"व्हय, तुझीच हाय. पण रिपोर्ट तर बघ."

ऑपरेशन थांबलं. तपासणीत तिची शंका खरी ठरली. मास्तरांना हेपरिन दिलं तर रक्त पातळ होण्याऐवजी त्याच्या गुठळ्या झाल्या असत्या. आणि हृदय फार दिवस वाट पाहणारं नव्हतं. मग आम्ही दोघी कँटीनमध्ये कागद घेऊन बसलो. एका बाजूला हेपरिन, दुसऱ्या बाजूला त्याच्याऐवजी देता येणारं बायव्हॅलिरुडिन. हेपरिनला उतारा आहे, टोचला की रक्त पुन्हा गोठायला लागतं. दुसऱ्याला उताराच नाही, ते आपोआप ओसरायची वाट बघायची. शिवाय रक्त कुठं साचलं तर तिथं गोठायची भीती. मी एकेक अडचण काढत होते. ती म्हणाली, "मग रक्त कुठंच साचू द्यायचं नाय." सरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "मशीन रेखा चालवेल. तुम्ही तिच्याजवळ थांबा."

मी थांबले. ऑपरेशन निम्म्यावर आलं असताना मुख्य नळीला फुटलेल्या डावीकडच्या आडनळीत काळपट रक्त थबकलेलं मला दिसलं. तिला दिसलं नव्हतं. मी लगेच बोलले नाही. क्षणभरच... पण तो क्षण होता. मग म्हणाले, "रेखा, डावीकडची." तिनं नळी मोकळी केली. "बरं झालं तू हायस," एवढंच म्हणाली.

मशीन बंद झाल्यावर रक्तस्राव थांबायला फार वेळ लागला, पण थांबला. मास्तर चालत घरी गेले. सरांनी कौतुक केलं तेव्हा रेखानं सांगितलं, "नळी हिनं बघितली." त्या दिवशी मला तिचा जेवढा राग आला, तेवढा कधीच आला नव्हता.

शेवटच्या आजारात पैठणला गेले तेव्हा तिला सांगून टाकलं, "तेव्हा मी लगेच बोलले नव्हते."

"ठाव हाय मला. तुझी नजर जिथं अडकली होती, तिथं मीबी बघणारच होते." मग दम घेऊन म्हणाली, "पण बोललीस ना?"

परतीच्या एसटीत मी रडले. तिच्या दुखण्यासाठी कमी, आणि हे असं बोलणं मला कधीच सुचलं नसतं म्हणून जास्त.

मशीन सुरू झालं की रेखा नळीवर तळहात ठेवायची. तापमान आकड्यात दिसत असतानाही रक्ताची ऊब हातानं बघायची, आणि मी तिला हसायचे. गेल्या आठवड्यात माझा हात आपोआप नळीवर गेला. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "अगदी रेखासारखं." चिडलेच मी... पण हात काढला नाही. नळी कोमट होती.