अवकाशाच्या विरोधात

आपला पहिला उपग्रह परक्या देशाच्या अग्निबाणावर बसून वर गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा सांगलीच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि आपल्याला उत्तम बोलता येते अशा समजुतीत होतो. आज पन्नाशी ओलांडल्यावर ती समजूत मी कुणाला सांगत नाही. त्या दिवसांत मात्र ती माझ्या चालण्यातूनही दिसत असावी.

वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘भारतासारख्या गरीब देशाने अवकाशावर खर्च करू नये’. प्रत्येक महाविद्यालयाचे दोन वक्ते असत. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचे, दुसऱ्याने विरुद्ध, आणि करंडक दोघांच्या गुणांची बेरीज करून द्यायचा. म्हणजे व्यासपीठावर एकमेकांचे वाभाडे काढायचे आणि खाली उतरल्यावर एकमेकांची पाठ थोपटायची. कोणी कुठली बाजू घ्यायची, हे आमच्या सरांनी चिठ्ठ्या टाकून ठरवले. अवकाशाचा कैवार माझ्याकडे आला. माझी जोडीदार होती वर्गातलीच एक मुलगी, कराडजवळच्या कृष्णाकाठच्या गावची. तिच्या चिठ्ठीत अवकाशाला विरोध निघाला. खरे तर आम्हा दोघांत आकाशाचे वेड होते ते तिलाच. मला होते ते टाळ्यांचे.

त्या दिवशी तिच्यासाठी करंडकाहून मोठी गोष्ट पणाला लागली होती. तिला एम.एस्सी.साठी पुण्याला जायचे होते आणि वडिलांनी अजून होकार दिला नव्हता. ते लष्करातून सुभेदार होऊन परतलेले, आता ऊस लावणारे गृहस्थ. ‘एकदा माझं बोलणं ऐका, मग काय ते ठरवा,’ असे सांगून तिने त्यांना मुद्दाम बोलावून घेतले होते. फेटा बांधून ते पहिल्या रांगेत इतके ताठ बसले की मागची पोरेही आपोआप सावरून बसली.

ती बोलायला उभी राहिली आणि सभागृह तिचे झाले. “यान आपले, गाडी परक्याची! बरे, वर गेले, तर थोड्याच दिवसांत त्यातली वीज गेली. अहो, वीज जाण्यासाठी एवढ्या उंच कशाला जायचे? आमच्या गावात ती रोज जाते!” लोक हसून हसून बेजार झाले. सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. त्यानंतर मी स्वल्पखर्चिक यानाची कैफियत इतक्या शुद्ध भाषेत मांडली की माझे मलाच कौतुक वाटले. इतर कुणाला वाटल्याचे दिसले नाही. करंडक आम्हाला मिळाला, तो तिच्या गुणांवर.

नंतर कँटीनमध्ये चहा आणि भजी मागवून आम्ही तिघे बसलो.

“पोरी, लय ब्येस बोललीस,” सुभेदार म्हणाले. “पटलं मला.”

“काय पटलं, आबा?”

“ह्येच की. आभाळापायी खर्च करायचा न्हाई. पुण्याचा नाद सोड आता. तूच म्हणलीस की चार माणसांत.”

तिच्या हातातले भजे हातातच राहिले. मी घाईघाईने चिठ्ठ्यांचा प्रकार समजावून सांगितला. त्याने भलतेच झाले.

“चिठ्ठीत आलं म्हणून बोललीस? म्हंजे खोटं बोललीस व्हय?”

त्यांची चूक म्हणावी तरी कशी? त्यांच्या गावात पारावर, चार माणसांसमोर उच्चारलेल्या शब्दाला माणूस बांधलेला असे. मनात एक ठेवून माणसांत दुसरे बोलायचे आणि त्याबद्दल करंडक घ्यायचा, ही आम्हा शिकलेल्यांची रीत त्यांना कुणी कधी दाखवलीच नव्हती.

तिने भजे बशीत ठेवले आणि म्हणाली, “आबा, पलटणीत सराव व्हायचा, तवा निम्म्या जवानांना दुश्मन करायचे न्हवं? तुमीच सांगत हुता.”

“व्हय तर. एकदा म्याबी झालो हुतो. आमच्याच कप्तानसायबाला धरला की, चहा पिताना!”

“मग तुमाला कुणी गद्दार म्हणलं?”

“गद्दार? आगं, लाडू दिला, लाडू!”

“मग मला काय द्येताय?”

सुभेदार मोठ्याने हसले, पण लगेच गंभीर झाले. “बरं. पर चार माणसांत बोलल्यालं चार माणसांतच माघारी घ्यावं लागतंय. बोलीव माणसं.”

कँटीनचे मालक आले, घंटा देणारा शिपाई आला, आणि बसची वाट पाहत थांबलेली, नुकतीच आमच्याकडून हरलेली मिरजेची दोन मुले मोठ्या उत्साहाने आली.

“आता दुश्मन कोण?” सुभेदारांनी विचारले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

आता अवकाशाविरुद्ध बोलायची पाळी माझी होती. माझी पंचाईत झाली. अगदीच नरम बोललो, तर ही लुटुपुटूची लढाई सुभेदारांच्या ध्यानात येणार. जीव ओतून बोललो, तर तिचे पुणे जाणार. बेताने बोलायचे, असे मी मनाशी ठरवले.

ती आता घरच्या बोलीत बोलू लागली. “गुळाच्या चार ढेपा बाजाराला धाडायच्या, तर कुणी ट्रक इकत घेतं का? शेजाऱ्याच्या ट्रकात टाकतो. तसंच ह्ये. आन यानात माणूस बसवायचाच न्हाई. माणूस आला की हवा आली, पाणी आलं, जेवाण आलं, आन त्याला माघारी आणायचा घोर आला. त्यो सगळा खर्च वाचला.”

“खरं हाय,” सुभेदार म्हणाले. “तोफ गप ऱ्हाती. माणसाला दोन टायमाला लागतंय.”

मी बेतानेच सुरुवात केली. पण कँटीनचे मालक ‘वा!’ म्हणाले आणि माझा बेत सुटला. “कवठे महांकाळकडे दुष्काळात हंडा घेऊन मैलोन् मैल फिरलेल्या बाईला विचारा, तुला विहीर हवी की आभाळात फिरणारा डबा?”

“त्या डब्यातनं ढग दिसत्याल,” ती म्हणाली. “पाऊस न्हाई, ह्ये आधी कळंल.”

“पाऊस नाही, हे तिला अंगणात उभे राहूनही कळते!”

टाळ्या पडल्या. मिरजेच्या मुलांनी तर बाक वाजवला. मग मला तिचा चेहरा दिसला. ते वाक्य उच्चारण्याआधी थांबता आले असते का, असे मी अजूनही स्वतःला विचारतो. बहुधा नाही, टाळी फार जवळ आली होती.

सुभेदार उठून उभे राहिले. “पाव्हण्याचं पटलं. आधी हीर.”

तिने कप खाली ठेवला.

“पर आसं हाय,” ते पुढे म्हणाले, “सरकार वर डबं सोडायचं काय थांबणार न्हाई. आपल्याला इचारून थोडंच सोडत्यात? मग तितं आसं एक माणूस पायजे, जे दर येळंला इचारंल, ह्याबिगर भागंल का? ही तर चुलीला काडीबी जपून लावती. जाऊ द्या हिला.”

चारही माणसांनी माना डोलावल्या. तिने पदराने डोळे टिपले, आणि भज्याची मिरची तिखट होती असे उगाचच म्हणाली.

“पर खर्च वाढला, की घरी,” सुभेदारांनी दरडावले.

“माझा का यानाचा, आबा?”

“दोनीचा!”

मग ते माझ्याकडे वळले. “आन तुमी, पाव्हणं, वकिली करा. जितं बसवलं, तितं रमताय.”

वकील मी झालो नाही; आयुष्यभर भौतिकशास्त्रच शिकवले. पण त्यांचे निदान चुकले होते, असे मात्र मला आजवर म्हणवलेले नाही.