संत्र्याचा वास लागलेली बटणं

संत्र्याची साल नखानं उचकटली, की मला सौंसरच्या घरातली एक हिवाळी दुपार आठवते. नागपूरच्या मामानं दादासाठी तळहाताएवढा व्हिडिओ गेम आणला होता. करड्या काचेत वरून चेंडू पडायचे, ते टोपलीत झेलायचे, आणि कोपऱ्यात बारीकसं घड्याळही होतं. "पोरींचं काम नाही हे," म्हणत दादा मला हातही लावू देत नसे. त्या दिवशी शाळा लवकर सुटली. मी मागच्या दारानं आले, तर खिडकीतून आत आलेल्या उन्हात, अर्धवट सोललेल्या संत्र्यांपाशी आई बसलेली, आणि गेम तिच्या हातात टिवटिवत होता. पदर घसरलेला, ओठ जरासे उघडे, हलत होते ते फक्त अंगठे. चेहरा तर माझ्याहूनही लहान पोरीचा. मी "आई" म्हटलं आणि एक चेंडू निसटला. "काही नाही वं, टाइम पाहून राहिली होती," ती म्हणाली. तिच्या डोक्यावरच भिंतीचं घड्याळ लटकत होतं. संध्याकाळी दादाला बटणं चिकट लागली. त्यानं ती हुंगली. "तूच खेळली न?" मी हो म्हटलं. जेवताना माझ्या ताटात संत्र्याच्या दोन फोडी जास्त आल्या. आता नातू शाळेत गेला की मी मोबाइलवर कुठल्याकुठल्या पोरांशी खेळते. ती मला 'भाई' म्हणतात, मीही म्हणू देते. काल सून अचानक खोलीत आली, तसा मी फोन पालथा घातला. "काही नाही वं, टाइम पाहून राहिली होती."