भिंतवाली आत्या

भिंतवाली आत्या हत्ती काढायची तो शेपटीपासून. मग मागचे पाय, पोट, सोंड आणि अगदी शेवटी डोळा. असं का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "डोळा आदी काडला की त्यो बगत बसतो. मग आपला हात बावचळतो."

ती माझ्या वडिलांची चुलत बहीण, पासली गावची. वेल्ह्याकडच्या गावांत लग्न ठरलं की घराच्या दर्शनी भिंतीवर गणपती, हत्ती, भालदार-चोपदार रंगवायला तिलाच बोलावणं जायचं. पिशवीत चुना, गेरू, नीळ आणि टोक ठेचून कुंचला केलेल्या बांबूच्या काड्या. खरं नाव पार्वती, पण ते रेशनकार्डाबाहेर कुणी वापरल्याचं मी ऐकलं नाही.

रंग कालवण्याआधी ती नवरीला जवळ बसवायची आणि विचारायची, "तुला हितलं काय सोडवंना झालंय?" पोरी लाजायच्या, मग हळूच सांगायच्या. एकीनं कान फाटलेली शेळी सांगितली. गुंजवण्याच्या एकीनं धरणात गेलेलं चिंचेचं झाड सांगितलं. तिनं ते पाहिलंही नव्हतं, आईकडून नुसतं ऐकलं होतं. आत्या ती गोष्ट भिंतीच्या कोपऱ्यात काढायची. "लग्नाच्या भितीवर शेळी व्हय?" म्हणून वऱ्हाडी हसायचे. आत्या म्हणायची, "पोरगी चाललीया. शेळी तरी ऱ्हाऊ द्या."

मी भोरला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करायला लागले आणि तिचं काम बंद पाडणाऱ्यांत माझाही हात लागला. एकदा तिच्याच हत्तीचा फोटो मोबाईलवर काढून मी तो कॉम्प्युटरवर घेतला, झूल लाल केली, सोंडेत हार दिला. तो इतका चालला की त्या उन्हाळ्यात दर दुसऱ्या मांडवाच्या तोंडाशी तोच उभा. आत्याला मी सांगितलं नव्हतं. भाटघरच्या एका लग्नात तिनं तो पाहिला. बराच वेळ बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"हत्ती माजाच हाय," ती म्हणाली. "पर कुणाच्या लग्नाला आलाय, ते त्याला ठावं न्हाई."

मला जेवण गेलं नाही. पुढं मी सुट्टीच्या दिवशी तिला बरोबर घेऊन गावोगाव हिंडू लागले. तिनं रंगवलेल्या जेवढ्या भिंती उरल्या होत्या, त्यांचे फोटो काढून ठेवायचे असं मी ठरवलं होतं. ती यायची, पण फोटोंपेक्षा तिला त्या घरचा चहा आणि त्या नवरीला किती पोरं झाली, यातच गोडी.

अशाच एका दुपारी पासलीतल्या सुमनताईंनी आम्हाला थांबवलं. त्यांच्या मुलीचं, रेश्माचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. फ्लेक्स सांगून झाला होता, तरी त्या म्हणाल्या, "आत्या, माज्या लग्नात तुमीच भित काडलीवती. लेकीचीबी काडा."

आत्यानं रेश्माला जवळ बसवून नेहमीचा प्रश्न विचारला. ती लगेच म्हणाली, "आजी. तिला दिसत न्हाई. म्या गेल्यावर दारात कोन आलं, ते तिला कोन सांगंल?"

आत्यानं काडी उचलली, पण हात थरथरत होता. शेपटीसुद्धा धड उमटेना. तिनं काडी माझ्या हातात दिली.

"मला नाही येत, आत्या."

"मला तरी कुठं येत व्हतं? काड."

मी काढलं. सोंड वाकडी गेली. कॉम्प्युटरवरची सवय, मी पुसायला फडकं शोधू लागले. आत्यानं मनगट धरलं. "भितीवर मागारी जाता येत न्हाई. वाकडी गेली तर जाऊ दे, तिला खालचं फूल उचलू दे." मी सोंडेखाली फूल काढलं आणि हत्ती खरंच वाकल्यासारखा दिसू लागला.

तेवढ्यात आत्यानं अंगणातली पांढरी माती भिजवली. उंबऱ्यालगतच्या भिंतीवर, बसल्या माणसाचा हात पोचेल तिथं, ती बोटांनी माती थापू लागली. हाताची थरथर मातीत दिसत नव्हती. रेश्माचा चेहरा झाला, कानातलं झालं, खांद्यावरून पुढं आलेली जाड वेणी झाली. चार दिवसांनी रेश्मा सासरी गेली तेव्हा माती कडक वाळली होती.

पावसाळा सरताना आत्या गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

दिवाळीनंतर मी सुमनताईंकडं गेले. आजी उंबऱ्यापाशीच बसल्या होत्या. आत्याबद्दल त्यांना कळलं होतं. मी म्हणाले, "आजी, आत्याच्या सगळ्या भिंतींचे फोटो आहेत माझ्याकडं." बोलून गेले आणि जीभ चावली. आजींनी मात्र हात पुढं केला. मी मोबाईल दिला. काचेवरून त्यांनी दोन-तीनदा बोट फिरवलं.

"हितं काय लागंना गं," त्या म्हणाल्या आणि मोबाईल परत दिला. मग चाचपडत माझा हात धरून भिंतीकडं नेला. वेणीचे पेड झिजून गुळगुळीत झाले होते.

"रोज इचरते हिला," आजी म्हणाल्या, "जेवलीस का गं म्हून."