बंद गिरणीची खंडेनवमी

उचगावात त्या सकाळी दव इतकं पडलं होतं की गिरणीच्या पत्र्यावरनं टपटप गळत होतं. मालुबाईनं कोपऱ्यातली पीठ धरलेली जाळी काढली, गिरणी पुसली. तीही सुक्या फडक्यानं. पाण्याची घागर तिनं उंबऱ्याबाहेरच ठेवलेली.

नवरा गेल्यापासून गिरणी तीच चालवायची. दळणाला येणाऱ्या बायका लक्ष्मीचं ठिकाण म्हणून चपला बाहेर काढायच्या आणि ही जाड रबरी चपला घालून लक्ष्मीपुढं फटाक फटाक फिरायची.

त्याला कारण गेल्या खंडेनवमीची पूजा. थोरला दीर परशराम आप्पा चालू गिरणीचीच पूजा करायचा. यंत्र घुमत नसलं तर देव झोपलेला, असं त्याचं शास्त्र. गेल्या साली त्यानं स्टार्टरवर नारळाचं पाणी शिंपडलं आणि यंत्राला हात लावून उभी असलेली मालुबाई उडून पिठाच्या ढिगात. उठली ती पांढरीफट्ट.

"देवीनं दर्शन दिलं तुला," आप्पा म्हणाला.

"दर्शन न्हवं, करंट हुता त्यो!"

यंदा आप्पा ओलेत्यानं, अनवाणी हजर. मालुबाईनं आधीच मेन स्विच पाडून फ्यूज कमरेला खोचला होता.

"मालू, गिरणी चालू कर."

"न्हाय. आज तिला सुट्टी."

"बंद यंत्राची पूजा करू व्हय गं?"

"फोटोतला देव तरी कुठं हलतोय? त्याची करताच की."

प्रसादाला आलेली शेजारची धोंडूबाई पदरात तोंड घालून हसली. ते आप्पाला लागलं.

"देवापुढं चपला घालून मला शिकवतीस? फ्यूज दे."

"देत न्हाय. एकदा माझं पीठ झालं, बास झालं."

"नको देऊस. तारेचा तुकडा लावतो."

खाली पडलेली तार उचलून त्यानं मेनचं झाकण उघडलंसुद्धा. मेन पाडलं तरी खांबावरनं येणारी बाजू जिवंतच असते. मालुबाईला ते ठाऊक होतं. आप्पाच्या पायाखाली धोतर निथळून तळं झालेलं. ओरडायला सवड नव्हती. पिठाच्या कापडी नळीवर आपटायची लाकडी काठी हाताशी होती, ती तिनं दिराच्या मनगटावर हाणली.

"आयाया गं!"

तार लांब उडाली. धोंडूबाई हसायचं विसरली.

"मारलंस मला?"

"मारलं. करंटनं मारलं असतं तर इचारायला उरला असता काय?"

आप्पा मनगट चोळत आधी उघड्या मेनकडं, मग आपल्या ओल्या पायांकडं बघत राहिला.

"अजून हाय त्यात?"

"हाय. त्याला खंडेनवमी ठाव न्हाय."

तिनं काठीनंच झाकण लोटलं. आप्पा घरी गेला आणि पोराची सुकी पँट, पायात सुनेच्या गुलाबी चपला असा परत आला. सुक्या बोटानं कुंकू लावलं, नारळ बाहेर दगडावर फोडला आणि शिव्या घालाव्यात तशी आरती म्हटली.

"फुडल्या साली ती काठी लपवून ठेवणार."

"ठेवा की. घरात मुसळ हाय."

मागं म्हैस रेकायला लागली, तशी मालुबाई चरवी घेऊन धार काढायला गेली.